उन्हाळी वेळापत्रक आणि वळीव: रतनगड ते हरिश्चंद्रगड, एक प्रकरण अभ्यास

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून सात जणांचा गट रतनगड ते हरिश्चंद्रगड अशा तीन दिवसांच्या भटकंतीला निघतो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाकडून वर चढणाऱ्या वाटेवर त्यांना वळीव गाठतो, मधला ओढा भरतो आणि गटाचे दोन तुकडे होतात. तिघं वर, चौघं खाली. कुणाला मोठी इजा होत नाही. गट शिकवण्यासाठी रचलेला आहे. वाट खरी आहे, आणि आभाळ, वेळा व चुका दर मे महिन्यात दिसतात तशाच आहेत. हे प्रकरण घेण्याचं कारण असं, की यात कुणीही बेफिकीर नव्हतं. उन्हाळ्यात डोंगर चढताना पाळायचे म्हणून जे सल्ले सांगितले जातात ते बहुतेक या गटाने पाळले होते, आणि त्यातल्याच एका सल्ल्याने त्यांना नको त्या वेळी नको त्या जागी नेऊन उभं केलं.

गट, बेत आणि ओझं

सातातले दोघं मुरलेले. एक लीडर, दुसरा सगळ्यांच्या मागे चालणारा स्वीप. तिघांनी पावसाळ्यातले एकदिवसीय ट्रेक भरपूर केलेले. उरलेल्या दोघींची मोठी सॅक घेऊन सलग तीन दिवस चालायची पहिलीच वेळ.

बेत नेहमीचाच. शुक्रवारी रात्री शेवटची कसारा लोकल, पहाटे जीपने इगतपुरी, घोटी, शेंडीमार्गे रतनवाडी. शनिवारी रतनगड चढून गुहेत मुक्काम. रविवारी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरायचं आणि पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड गाठायचा. सोमवारी टोलार खिंडीने खिरेश्वर, पुढे खुबी फाट्यावर माळशेजवरून येणारी एसटी पकडून कल्याण.

हा सगळा टापू कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मे महिन्यात गवत इतकं वाळलेलं असतं की चुलीची एक ठिणगी डोंगराची अख्खी सोंड, म्हणजे उतरती धार, काळी करू शकते, त्यामुळे जाळ करायचाच नाही असं ठरलं होतं. गॅसचा डबा लोकलमधून न्यायला रेल्वेची मनाई, म्हणून स्टोव्हही नाही. जेवण गावात पिठलं-भाकरीचं, आणि सोबत माणशी रोज चार दशम्या, शंभर ग्रॅम गूळ-शेंगदाणे, शंभर ग्रॅम चिवडा, लोणचं आणि कोकमाचं आगळ. बेत म्हणून हे उत्तम होतं. स्टोव्ह, गॅस आणि भांडी गेली की सामाईक ओझ्यातले तीनेक किलो कमी होतात आणि ती जागा पाण्याला मिळते.

पाण्याशिवाय सॅक साडेसात किलोची, त्यात चार लीटर पाणी म्हणजे साडेअकरा. तंबू दोन. ते, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, ताकदीच्या माणसांकडे दिले. प्रथमोपचाराची पेटी, तीस मीटर दोर आणि उरलेला शिधा स्वीपकडे. ही वाटणी लक्षात ठेवावी, कारण रविवारी संध्याकाळी सगळं घोडं तिथेच अडलं.

पाण्याचा हिशेब

मे महिन्यात या वाटेवर चालायच्या दिवशी माणशी पाच लीटर धरावेत. त्यातलं चालताना तासाला अर्धा ते पाऊण लीटर जातं. रतनवाडीहून चार लीटर घेऊन निघायचं, रतनगडावरच्या टाक्यांतून भरून घ्यायचं, आणि तिथून कुमशेतपर्यंत मध्ये काहीही मिळणार नाही असं समजून पुन्हा चार लीटर उचलायचं. खिंडीच्या अलीकडच्या रानात डबकी दिसतात, ती जनावरांची आहेत. टाक्यांतलंही जे पाणी उघडं आणि हिरवट ते सोडावं. जे वापरायचं ते चौपदरी फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवावं. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.

एक गोष्ट मुंबईकराच्या ध्यानात सहसा येत नाही. मुंबईच्या ३३–३४ अंशांत दमटपणामुळे घाम अंगावर राहतो, निथळतो, दिसतो. घाटमाथ्याच्या पूर्वेला सकाळी अकरानंतर हवा कोरडी आणि तापमान चार-पाच अंश जास्त. घाम येताक्षणी उडून जातो. शर्ट कोरडा, म्हणून माणूस समजतो की आपल्याला फारसा घाम येत नाही. टोपीच्या कडेवर आणि पाठीवर मिठाचा पांढरा पट्टा उमटला की खरं कळतं.

नुसतं पाणी पीत राहणं हा अर्धाच उपाय. दर दोन लीटर साध्या पाण्यामागे एक लीटर ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी जायला हवं. घरचं प्रमाण एक लीटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाकिटांत घोटाळा होतो तो असा: मोठं पाकीट एक लीटरसाठी असतं, छोटं चारेक ग्रॅमचं २०० मिलीसाठी. छोटं पाकीट लीटरभर बाटलीत टाकलं तर क्षार फारच विरळ होतात, आणि मोठं पेलाभर पाण्यात टाकलं तर मळमळ वाढते. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या जागी धरू नयेत. या गटाकडे चौदा पाकिटं होती आणि ती सगळी छोटी होती.

अंदाज कुठला पाहिला

शुक्रवारी गटाने हवामान पाहिलं ते मुंबई आणि ठाण्याचं. दोन्हीकडे कोरडं, दमट. पण ही वाट जवळजवळ पूर्ण अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, आणि खिरेश्वरचा उतार पुणे जिल्ह्यात. हवामान विभागाचे इशारे जिल्हावार असतात. अहिल्यानगर आणि पुण्याच्या घाटभागासाठी शनिवार-रविवारी पिवळा इशारा होता: मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ३०–४० किलोमीटर वेगाचे वारे.

पिवळा म्हणजे ‘लक्ष ठेवा’. मुंबईत जुलैमध्ये पिवळा इशारा कुणी मनावर घेत नाही, कारण तिथे तो पावसाच्या मिलिमीटरचा असतो. मे महिन्यातला पिवळा विजेचा असतो. वीज पडायला एकच ढग पुरतो, आणि तो जिल्हाभर नव्हे, नेमका आपल्या डोंगरावर असू शकतो. म्हणून जिल्हावार इशारा बेत ठरवताना पाहायचा, दर तीन तासांचा नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या काही तासांपुरता अंदाज, त्या दिवशी सकाळी आणि रेंज मिळेल तिथे पाहायचा, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवायचं. ते आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात पडणाऱ्या विजा दाखवतं. रेंज गेली की यातलं काहीच उरत नाही. कुमशेत ते पाचनई पट्ट्यात रेंज येते-जाते. तेव्हा डोळे वापरायचे.

मे उलटत आला की आणखी एक प्रश्न असतो, अरबी समुद्राचा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं. मुंबईत मॉन्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून असली तरी २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. काजवे बघायला भंडारदऱ्याच्या रस्त्यावर त्याच दिवसांत गाड्यांची रांग लागते, त्यामुळे ‘अजून पाऊस कुठला’ हा समज आणखी पक्का होतो. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होत असेल तर तीन दिवसांचा बेत घेऊन निघूच नये. या गटाच्या वेळी तसं काही नव्हतं. साधा वळीव होता.

शनिवार

जीप उशिरा मिळाली. रतनवाडीला सव्वासात, अमृतेश्वराच्या देवळाजवळ नाश्ता, निघायला सव्वाआठ. पहिला तास प्रवरेच्या पात्राच्या काठाने आणि रानातून, सावली बरी. पुढे फाटा लागतो. सरळ वाट कात्राबाईकडे, उजवीकडची शिड्यांकडे. लोखंडी शिड्यांशी पोचेपर्यंत पावणेअकरा झाले. या वेळी लोखंड हाताला चटका देतं, म्हणून सुती हातमोजे किंवा निदान रुमाल जवळ असावा. गुहेत साडेअकरा. गड १२९७ मीटर उंच. गुहेत गारवा होता, दुपार झोपेत गेली.

चारच्या सुमारास दक्षिणेला गडगडलं. अर्धा तास वारा सुटला, मातीचा वास आला, चार थेंब पडले आणि आभाळ मोकळं झालं. गटाने याचा अर्थ लावला, ‘हुकला.’

इथे हातची खूण निसटली. वळिवाची घडण साधी आहे. सकाळपासून तापलेली जमीन हवा वर ढकलते. दुपारी समुद्रावरचा खारा वारा, जो मुंबईत घामेजल्या अंगाला सुखावतो, तोच ओलावा घेऊन घाटाच्या भिंतीला येऊन थडकतो आणि वर चढतो. तापलेली जमीन, ओलावा आणि उठाव हे तिन्ही एकत्र येतात ते दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान. आज हे झालं आणि रात्रीत हवेची ठेवण बदलली नाही, तर उद्या त्याच वेळेला तेच होण्याचा संभव जास्त. आज नेमका आपल्यावर कोसळला नाही हा योगायोग. शनिवारी चार वाजताचा गडगडाट म्हणजे रविवारी चारचं आगाऊ निमंत्रण होतं.

रविवार, कुमशेतपर्यंत

सहा वाजून दहा मिनिटांनी गुहेतून निघाले. शिड्या उतरून फाट्यावर सव्वासात, कात्राबाईच्या खिंडीत नऊ वीस. तिथून कुमशेतचा उतार सुरुवातीला घसाऱ्याचा आहे. बारीक मुरूम, त्यावर वाळलेलं गवत, पाठीवर ओझं. या उतारावर काठी दोन्ही हातांत आणि माणसांत पाच-सात पावलांचं अंतर. एकाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून.

कुमशेतला पोचायला बारा वाजायला दहा कमी. नवख्या दोघींपैकी एकीचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, अंग ओलं आणि गार होतं. सकाळपासून तिने तीन लीटर पाणी प्यायलं होतं आणि दीड दशमी खाल्ली होती. ओआरएसची दोन पाकिटं घेतली होती, पण लीटरभर पाण्याला एक अशी. ही उष्णतेने आलेली थकावट. शुद्ध पक्की होती, बोलणं नीट होतं. बोलणं अडखळलं असतं, तोल जात असता, अंग भाजल्यासारखं तापलं असतं, तर तो उष्माघात ठरला असता, आणि तिथे एकच काम उरतं: सावलीत घेऊन कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि गाडी मागवायची.

तिला ओसरीत आडवं केलं, पाय उंच, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घोट घोट. तासाभरात ती उठून बसली. उष्णतेच्या थकव्यातून उठलेल्या माणसाला ‘बरं वाटतंय का’ असं विचारण्यात अर्थ नसतो. गटाला थांबवायला लागू नये म्हणून तो हो म्हणतोच. लघवी झाली का आणि कोणत्या रंगाची, हे विचारावं. गडद पिवळी असेल तर त्या दिवशी पुढे चढ नाही. हा प्रश्न स्वीपने विचारला नाही, संकोचामुळे. गटात बायका असतील तर हे विचारायचं काम आधीच एखादीकडे सोपवलेलं असावं.

पाण्याबद्दलही एक. मे महिन्यात या गावांत पाणी डोक्यावरून आणलेलं किंवा टँकरचं असतं. सात जणांनी चार-चार लीटर भरलं की अठ्ठावीस लीटर, म्हणजे एका घराचे दोन हंडे. विचारून घ्यावं, पैसे द्यावेत, आणि हातपाय धुवायला मागू नये.

उन्हाचा नियम पाळून गट पावणेतीनपर्यंत सावलीत थांबला. चालत पाचनईला जायला अडीच-तीन तास लागले असते, म्हणून गावातली पिकअप ठरवली. साडेतीनला पाचनई.

साडेतीनचा निर्णय

हे प्रकरण इथे फिरतं. अकरा वाजता आभाळात विखुरलेले छोटे पांढरे ढग होते, तळ सपाट. एक वाजता काहींची उंची रुंदीपेक्षा जास्त झाली. पाचनईत उतरले तेव्हा दक्षिणेच्या ढगाचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा घट्ट, कडा रेखीव, तळ शिसवी. माथ्याची कड रेखीव आहे तोवर ढग वाढतो आहे. ती विस्कटून ऐरणीसारखी पसरली की विजा सुरू झालेल्या असतात.

ज्यांच्या अंगणात सॅका उतरवल्या ते म्हणाले, “आज वर नका जाऊ दादा, आभाळ दाटलंय. पहाटं जा.”

लीडर म्हणाला, “मामा, दोन तासांचं तर काम आहे. सहाला पोचतो.”

वर जेवण सांगून ठेवलं होतं, सोमवारी टोलार खिंडीने उतरायचं होतं, आणि कोकणकड्यावरचा सूर्यास्त राहिला असता. खरं तर बदलून काय बिघडणार होतं? वरच्या जेवणाचे पैसे आणि एक सूर्यास्त. अंगणात झोपायची सोय होती, पाणी होतं, आजारी मुलीला रात्रभर विश्रांती मिळाली असती. पण बेत कागदावर उतरला की त्याला स्वतःचं वजन येतं, आणि दोन दिवस चालून आलेल्या माणसाला शेवटचे दोन तास किरकोळ वाटतात.

३.३५ ते ८.३०

पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाच्या सगळ्या वाटांत सोपी मानली जाते आणि कोरड्या दिवशी ती आहेही. सुरुवातीला सोंडेवरचा चढ, मग उजव्या हाताला कड्याची उंच भिंत ठेवून आडवी जाणारी वाट, वर कातळ पुढे झुकलेला, पुढे ओढा ओलांडून माथ्याच्या पठारावर. अडचण हीच, की मधल्या आडव्या टप्प्यात एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पुढे ओढा. निवाऱ्याची जागा वाटते ती हीच, आणि विजेच्या वेळी नको असलेलीही हीच.

४.२५ ला वारा एकदम फिरला आणि गार झाला. हा ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा झोत. तो अंगाला लागल्यावर हाताशी दहा-पंधरा मिनिटं असतात. या क्षणी सगळे सोंडेच्या वरच्या टोकाला होते, खाली दहा मिनिटांवर सारख्या उंचीच्या झाडांचं रान होतं. तिथे उतरून ओढ्यापासून आणि एकट्या उंच झाडापासून दूर, पसरून बसायचं, हा त्या घडीचा सर्वांत बरा पर्याय होता. गट वर निघाला, आणि ‘लवकर चला’ म्हटल्यामुळे ताकदीचे तिघं पुढे सुटले. मागच्या चौघांची चाल आजारी मुलीच्या चालीवर.

४.४० ला वीज चमकली, बारा सेकंदांनी गडगडाट. आवाज किलोमीटरला तीन सेकंद घेतो, म्हणजे चार किलोमीटर. नियम असा की चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर आपण टप्प्यात आलो. बारा म्हणजे निर्णयाची वेळ कधीच उलटली होती. ४.४५ ला पुढच्या तिघांनी कोरडा ओढा ओलांडला. ४.५० ला गारा आणि तिरका पाऊस. मागचे चौघं झुकलेल्या कातळाखाली थांबले, भिंतीला पाठ लावून, एकमेकांना चिकटून, पाय सॅकवर. जिथे लोखंडी रेलिंग होतं तिथे एकाने ते धरलेलं.

यातलं जवळजवळ सगळं उलटं करायला हवं होतं. विजेने दगावणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या थेट अंगावर वीज पडते. जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून आणि ओल्या कातळाच्या पृष्ठभागावरून पसरतो. उथळ कपारीत छतापासून जमिनीपर्यंत उडी मारायला त्याला माणसाचं शरीर सोयीचं पडतं. म्हणून भिंतीपासून निदान हातभर सुटून, कपारीच्या तोंडाशी न बसता, लोखंडापासून दूर, माणसामाणसांत शक्य तितकं अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसायचं. खाली सॅक किंवा कॅरीमॅट (झोपायची फोमची चटई) असावी. त्याने वीज अडत नाही, जमिनीतून येणारा प्रवाह थोडा कमी होतो इतकंच. अंतर ठेवायचं दुसरं कारण अधिक मोलाचं: एकाला धक्का बसला तर दुसरा शुद्धीवर हवा. विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. श्वास थांबला असेल तर ताबडतोब छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटीमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. अनेक जण एकदम पडले असतील तर जो हालचाल करत नाही त्याच्याकडे आधी जायचं. वेळेत दाब सुरू झाले तर असा माणूस परत येऊ शकतो.

५.१५ ला ओढा वाजायला लागला. आधी दगड गडगडल्याचा आवाज, मग लाल-तपकिरी पाणी. मे महिन्यात जमीन भाजलेली असते, वर कातळ, पाणी मुरत नाही, सगळं एकदम उतरतं. वीस मिनिटांत पाणी गुडघ्यावर. पलीकडून एकाने दोर फेकायची खूण केली. स्वीपने नकार दिला, आणि या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. वाहत्या पाण्यात कमरेला दोर बांधलेला माणूस घसरला की दोर ताणतो आणि पाणी त्याला तळाशी दाबून धरतं. पाणी गढूळ आहे, तळ दिसत नाही, आत दगड सरकल्याचा आवाज येतो, यांतलं एकही असेल तर ओलांडायचं नाही. वळिवाचा ओढा जसा भरतो तसाच ओसरतो, पाणलोट लहान असल्याने पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत. काठाला पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी पाहायचा. अंदाजापेक्षा दगड खरं सांगतो.

आता वाटणीचा हिशेब पुढे आला. तंबू दोन्ही पलीकडे. शिधा आणि पेटी अलीकडे. फोनला रेंज नाही, पावसात आवाज पोचत नाही. सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलमध्ये बहुधा शिट्टी असते, पण ती आहे हेच अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. एक फुंक थांबा, दोन ठीक आहे, तीन मदत, एवढं ठरवून ठेवलं असतं तरी पुरलं असतं.

पावसात पारा झपाट्याने उतरला. दुपारी उष्णतेने थकलेली मुलगी आता कुडकुडत होती, दात वाजत होते. मे महिन्यात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ओला सुती शर्ट, वारा, पोटात काही नाही आणि दिवसभराची झीज, एवढं त्याला पुरतं. पोंचो सगळ्यांकडे होते. पोंचो पावसाळ्यातल्या सरळ पावसाला ठीक, वाऱ्यात तो डोक्यावर उलटतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. सॅकचं कव्हर होतं, तरी पाठीकडून पाणी आत गेलं. कोरडे कपडे सापडले ते फक्त स्वीपकडे, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत ठेवलेले. ओले कपडे काढून ते घातले, खाली कॅरीमॅट, वरून अंगाची ऊब धरून ठेवणारं पातळ चंदेरी ब्लँकेट, तोंडात गूळ. पाऊण तासाने कुडकुड थांबली.

६.०५ ला पाऊस थांबला. शेवटचा गडगडाट ६.४० ला. त्यापासून तीस मिनिटं मोजून चौघं ७.१५ ला खाली निघाले. ओढा ओसरत होता, पण अंधारात चढून जाण्यापेक्षा आलेली वाट उतरणं बरं, हा विचार योग्य. पहिल्या पावसात कातळावरच्या धुळीचा चिखल होतो आणि तो जुलैतल्या धुतलेल्या कातळापेक्षा जास्त घसरडा असतो. एरवी पाऊण तासाची उतरण सव्वा तासाची झाली. साडेआठला पाचनई.

वरचे तिघं पाच-सव्वापाचलाच पठारावर होते. उघड्यावर तंबू लावायचा प्रयत्न केला, दोन खुंट्या कडक जमिनीत वाकल्या, बाहेरचं कापड वाऱ्याने उलटलं. मग देवळाजवळच्या खोल गुहेत गेले आणि रात्र तिथेच काढली. कोकणकड्याकडे नाही गेले, हे शहाणपणाचं झालं. तिथे कातळावर खुंटी रुततच नाही, आणि वादळात उघडा कडा ही शेवटची जागा. सोमवारी सकाळी सातला तिघं पाचनईत उतरले. टोलार खिंड रद्द, राजूरमार्गे घोटी आणि कसारा.

दोन धोके, दोन वेळापत्रकं

उन्हाळ्याचा सल्ला सांगतो: अकरा ते साडेतीन सावलीत थांबा, ऊन कललं की चढा. वळिवाचा धोका दोन ते सहा. म्हणजे उन्हाचा नियम तंतोतंत पाळणारा माणूस उन्हातून वाचून साडेतीनला निघतो आणि वळिवाच्या भर मध्यात माथ्याजवळ पोचतो. मार्चमध्ये हा सल्ला बिनचूक आहे, कारण वळीव विरळा. मे महिन्यात तो अर्धवट आहे. दोन्ही धोके एकदम टाळायला एकच खिडकी उरते, पहाट ते सकाळी अकरा. संध्याकाळचा चढ हा पर्यायच नाही.

त्यामुळे मे महिन्यात या वाटेचा बेत अंतरावर बसवता येत नाही, सकाळींवर बसवावा लागतो. एका सकाळीत एक चढ. शुक्रवारी दुपारीच मुंबई सोडून रात्री रतनवाडीत झोपायचं. शनिवारी साडेपाचला निघून नऊच्या आत शिड्या चढून जायचं, कारण फाटा उजेडात ओळखू आला पाहिजे आणि लोखंड गार असलं पाहिजे. मुक्काम गुहेतच, पण आत खोल, तोंडाशी नाही. रविवारी साडेपाचला निघून अकरापर्यंत कुमशेत, गाडीने पाचनई, आणि दिवस तिथेच संपवायचा. सोमवारी पहाटे साडेचारला हेडटॉर्चवर पाचनई सोडायची, साडेसहाला देऊळ, केदारेश्वराची गुहा, कोकणकडा, आणि नऊला परत फिरून अकराच्या आत खाली. टोलार खिंडीने उतरायचं तर माथा आठलाच सोडावा लागतो, आणि त्या कातळटप्प्यावर रेलिंग धरूनच उतरायचं असल्याने आभाळ स्वच्छ असेल तरच.

याची किंमत आहे. कोकणकड्याचा सूर्यास्त जातो, आणि पुष्कळ लोक नेमके त्यासाठीच येतात. त्यांनी डिसेंबरमध्ये यावं. शुक्रवारी अर्धी रजाही लागते. ती मिळत नसेल तर रतनगड सोडून पाचनई ते हरिश्चंद्रगड एवढंच करावं.

ओझ्याची वाटणी बदलायला हवी. सात जण म्हणजे तीन आणि चार असे दोन संच, प्रत्येकात एक तंबू, एक दिवसाचा शिधा, छोटी पेटी, चंदेरी ब्लँकेट, शिट्टी आणि एक मुरलेला माणूस. मग वाट तुटली तरी दोन्ही तुकडे आपापल्या जागी रात्र काढू शकतात. दोर घरी राहिला तरी चालेल, वापरता येणारा कुणी नसेल तर तो मोहच पाडतो. प्रत्येकाचा कपड्यांचा एक कोरडा जोड दुहेरी प्लास्टिकमध्ये, सॅकच्या तळाशी नव्हे, वर.

आणि मुंबईत घरी एक माणूस, ज्याच्याकडे वाट, गावं आणि वेळा लिहिलेल्या आहेत. त्याला सांगायचं ते असं: सोमवारी दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर आधी पाचनईच्या घरी फोन, पाचपर्यंत काही कळलं नाही तर राजूर पोलीस ठाणे आणि ११२ हा आपत्कालीन नंबर. पाचनईच्या त्या घराचा नंबर निघण्याआधी दोघांच्या फोनमध्ये आणि एका कागदावर. रविवारी सकाळी कुमशेतहून त्याच घरी फोन लावून विचारायचं, “मामा, काल चारला तुमच्याकडे पडला का?” हो म्हणाले, तर त्या दिवशी वर जायचं नाही.